उलटी गंगा, तीही सीनेच्या काठी

शेजारच्या वहिनींचा थोरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सोडतोय ही बातमी मला वहिनींनी नाही, दूधवाल्यानं सांगितली. त्याला ती किराणावाल्या काकांकडून मिळाली, आणि काकांना झेरॉक्सवाल्याकडून. कारण पोरगं त्याच्याकडं कॉलेज बदलीच्या अर्जाचा नमुना छापायला गेलं होतं. म्हणजे बोल्हेगाव फाट्यापासून आमच्या गल्लीपर्यंत सगळ्यांना ठाऊक, फक्त पोराच्या आईबापांना सोडून. दुपारी वहिनी कुरडयांचं प्लास्टिक ओढत आमच्या बाजूच्या भिंतीला आल्या आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "ताई, तुम्ही कॉलेजच्या हापिसात होता ना, मधीच कॉलेज बदलता येतं का हो?" म्हटलं, चला, घरीही पोचली बातमी. मीही सहज ऐकल्यासारखं केलं.

"कुणाला बदलायचंय?"

"आमच्यातलं कुणी नाही. माझ्या भाचीच्या जावेचं पोरगं आहे."

भाचीच्या जावेचं पोरगं त्या वेळी वहिनींच्याच अंगणात पाण्याची मोटर उघडून बसलं होतं. कोपरापर्यंत हात काळे, शेजारी जुन्या पेपरवर नट-बोल्ट ओळीनं मांडलेले. मी तिकडं बघितलं, वहिनींनी माझ्याकडं बघितलं, आणि मग त्यांचा बांध फुटला.

"आवो ताई, लोकांची पोरं मेकॅनिकल सोडून कॉम्प्युटरला जायला रडत्यात. आमचं येडं कॉम्प्युटर सोडून मेकॅनिकलला यायचं म्हणतंय. पुणं सोडून नगरला. उलटी गंगा झाली की नाही?"

उलटी खरीच. आमच्या नागापुरात तर जास्तच उलटी दिसते. गल्लीतली निम्मी घरं एमआयडीसीच्या पगारावर उभी राहिली आहेत. कुणी पूर्वीच्या एल अँड टीत, कुणी क्रॉम्प्टनमध्ये, कुणी एक्साइडला, बाकीचे छोट्या शॉपमध्ये, जिथं मालकच स्वतः लेथवर उभा असतो. वहिनींचे मिस्टर टर्नर म्हणून लागले, आता सीएनसीवर सेटर आहेत. एक काळ असा होता की या गल्लीत मुलगा मेकॅनिकलला लागला की पेढे वाटायचे. दौंड रोडला कायनेटिकची लुना तयार होत होती तेव्हापासून नगरच्या माणसाला मशिनचं अप्रूप आहे. आता त्याच मशिनवर उभं राहून पाठ धरलेले बाप म्हणतात, बाबा रे, तू एसीत बस. यात त्यांचं काय चुकलं? कूलंटचा वास अंघोळ करूनही जात नाही, हे ज्याच्या अंगाला येतो त्यालाच माहीत.

"मिस्टरांना सांगितलं का?" मी विचारलं.

"त्यांना सेकंड शिफ्ट आहे. रात्री बाराला येत्यात. जेवताना सांगितलं तर ताट सारत्यात, सकाळी सांगितलं तर डबा न घेता जात्यात. मुहूर्तच सापडंना."

तेवढ्यात आजी बाहेर आल्या. वहिनींच्या सासूबाई. कानानं कमी ऐकू येतं असं घरच्यांना वाटतं, पण ते सोयीचं आहे. "काय म्हणतंय पोरगं? मोटर दुरुस्त करायला शिकायचंय? मग शिकू द्या की. कॉम्प्युटर दुरुस्त करून पाणी थोडंच चढणारे."

वहिनी कपाळावर हात मारून घेतात तो आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

मी कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या टेबलावर नोकरी केली. त्या खिडकीतून मी एकच प्रकार बघितला. पोरं रडत यायची आणि म्हणायची, "मॅडम, मला हे जमणार नाही." हे म्हणजे काय, ते सांगता यायचं नाही. कुणाला विषय नको असायचा, कुणाला कॉलेज, कुणाला होस्टेलची मेस. आणि अर्जावर सगळे सारखंच लिहायचे, 'वैयक्तिक कारणास्तव'. मेस नको असेल तर मेस बदल, शाखा कशाला बदलतोस? पण हे विचारायला खिडकीबाहेरची रांग वेळ देत नाही.

म्हणून मी पोराला भिंतीपाशी बोलावलं. आलं हात पुसत.

"काय रे, कॉम्प्युटर का नको?"

"नाही आवडत काकू."

"अरे, पहिल्या वर्षात तुला कॉम्प्युटर शिकवलं कुठं? पहिलं वर्ष सगळ्यांना थोड्याफार फरकानं सारखंच असतं. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, ग्राफिक्स, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल आणि तो एक प्रोग्रॅमिंगचा पेपर. ज्या पोरीला अजून बघितलंच नाही तिला नकार कळवतोस होय?"

वहिनींना हे फार पटलं. "बघा! मी हेच म्हणत होते." त्या असं काही म्हणत नव्हत्या, पण असू दे.

पोरगं गप्प. मग म्हणालं, "त्या एका पेपरला वर्गातली निम्मी पोरं सर शिकवायच्या आधीच कोड लिहून मोकळी व्हायची. आठवीपासून करतायत ती. मी अजून कंस कुठं पडला ते शोधत असायचो."

"म्हणजे विषय नावडला की मागं पडलास म्हणून नावडला?"

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि मला ते उत्तर आवडलं. खोटं बोलला नाही.

"मग मेकॅनिकल आवडतं हे तरी कशावरून?"

यावर तो काही बोललाच नाही. परत गेला, मोटरच्या शाफ्टवरून काढलेलं जुनं बेअरिंग घेऊन आला आणि भिंतीवर ठेवलं. आतल्या कड्यात बोट घालून फिरवलं आणि कानाजवळ धरलं. मग नवं बेअरिंग तसंच फिरवलं. "ऐका. ह्याच्यात गोळ्या घासतायत. लोक म्हणत होते वाइंडिंग जळालंय, मोटर बदला. वाइंडिंगला काही झालेलं नाही. सील गेलं, पाणी आत शिरलं, ग्रीस धुऊन गेलं, बेअरिंग गंजलं." एवढं बोलताना त्याचा आवाज निराळाच होता. तोंडातून सगळं ओळीनं येत होतं, कंस शोधावा लागत नव्हता.

वहिनींनी ते बेअरिंग हातात घेऊन कानाला लावलं. त्यांना त्यातलं काही कळलं असेल असं नाही. पण जरा वेळ त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

किराणावाले काका एव्हाना दुकान मुलावर सोपवून आले होते. त्यांना बोलावलं नव्हतं, पण बातमीचा माल त्यांच्याच दुकानातून निघाला होता, तेव्हा त्यांचा हक्क होता. आल्या आल्या त्यांनी झहीर खान काढला. नगर जिल्ह्यात कुणाचं पोरगं शिक्षण सोडायचं म्हणालं की झहीर खान निघतोच. श्रीरामपूरचा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जाणारा मुलगा. वडील म्हणाले म्हणे की देशात इंजिनिअर ढिगानं आहेत, तू फास्ट बॉलर हो, आणि गेला मुंबईला. पुढं सुधीर नाईकांच्या नॅशनल क्रिकेट क्लबात घासला, २००० साली भारताकडून खेळला, कसोटीत ३११ विकेट काढल्या. २०११ च्या वर्ल्ड कपात २१ विकेट, त्या स्पर्धेत आफ्रिदीच्या जोडीनं सगळ्यात जास्त.

"बघा वहिनी! सोडलं म्हणून झालं," काका म्हणाले.

"अहो काका," मी म्हटलं, "त्यानं इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा त्याच्या हातात बॉल होता. आणि डावखुरा फास्ट बॉलर भारताला हवाच होता. माझ्या खिडकीशी येणाऱ्या पोरांच्या हातात नुसता अर्ज असायचा."

"ह्याच्या हातात बेअरिंग आहे," आजी म्हणाल्या. त्यांना ऐकू येत नाही.

मग मी टिळक काढले, कारण काकांच्या झहीरपुढं काहीतरी वजनदार ठेवायला हवं होतं. टिळक डेक्कन कॉलेजात केरूनाना छत्र्यांकडं गणित शिकले, बी.ए.ला पहिल्या वर्गात आले. गणिताची एवढी गोडी असलेला माणूस, पण एम.ए. पुरं न करता वकिलीकडं वळला. १८७९ साली एलएल.बी. झाले. बरं, मग वकिली केली का? तर नाही. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं आणि हे तिथं मास्तर. शिकवायचं काय, तर गणितच! म्हणजे कायद्याची पदवी घेऊन परत पहिल्याच विषयाला. आजच्या काळात असते तर त्यांच्या आईनं आमच्याच भिंतीवर डोकं आपटलं असतं.

"पण कायदा वाया गेला का?" काका म्हणाले.

"कोर्टात उभं राहून स्वतःचा खटला स्वतः चालवायला उपयोगी पडला की. १९०८ साली."

"आणि सहा वर्षं मंडालेला गेले," पोरगं मागून म्हणालं. वहिनी एकदम घाबरल्या. त्यांना वाटलं शाखा बदलण्याचा आणि मंडालेचा काही संबंध असेल.

मग मी गप्पांवरून कामाकडं वळले, कारण अशा प्रकरणात हौस एकीकडं आणि तारखा एकीकडं असतात, आणि जिंकतात तारखा. वहिनींना मी सांगितलं ते असं. पहिल्या वर्षाच्या शेवटी दार उघडं असतं. विषय जवळजवळ सारखेच झालेले असतात, त्यामुळं दुसऱ्या वर्षाला शाखा किंवा कॉलेज बदललं तरी वर्ष वाया जात नाही. पण जिकडं जायचं तिकडं जागा रिकामी पाहिजे, दोन्ही कॉलेजांचं ना-हरकत पाहिजे आणि विद्यापीठाची मान्यता पाहिजे. डिप्लोमावाली पोरंही थेट दुसऱ्याच वर्षाला शिरतात, तेव्हा त्या जागांवर डोळा आपला एकट्याचा नसतो. एकदा दुसरं वर्ष सुरू झालं की मग डेटा स्ट्रक्चर एकीकडं आणि थर्मोडायनॅमिक्स एकीकडं. तिसऱ्या वर्षी मन बदललं तर परत मागं येऊन बसावं लागतं.

"जागा असंल का पण?" वहिनी.

"इथंच तर उलटी गंगा कामाला येते. मेकॅनिकलमधून कॉम्प्युटरला जायचं म्हणाला असता तर मीच म्हटलं असतं, विसर. तिकडं मुंगी शिरायला जागा नाही. चांगल्या कॉलेजांना एका शाखेत किती जागा ठेवायच्या यावरची कमाल मर्यादाही एआयसीटीईनं २०२४-२५ पासून उठवली, तरी लोकांचा ओढा तिकडंच. मेकॅनिकल-सिव्हिलला मात्र खुर्च्या रिकाम्या राहतात. हा सगळ्यांच्या उलट चाललाय, म्हणून ह्याला वाट मोकळी आहे."

"लोकांनी टाकलेलं आपण घ्यायचं म्हणजे," वहिनी म्हणाल्या. हे मात्र त्यांना खरंच लागलेलं होतं.

मी विचारलं, कॉलेज ऑटोनॉमस आहे का? नाही म्हणाला. मग बरं. पुणे, नगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ एकच. जिकडं जायचं ते कॉलेजही ऑटोनॉमस नसलं, तर अभ्यासक्रम तोच, विषय जुळवायची कटकट नाही. ऑटोनॉमस कॉलेजातून आलेल्या पोराचा एकेक विषय ताडून बघावा लागतो, त्यात ऑफिसचाही जीव जातो. आणि हल्ली ते क्रेडिटचं खातं असतं, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. २०२१ पासून सुरू झालेलं. त्यात पास झालेल्या विषयांचे क्रेडिट जमा होतात. वहिनींनी विचारलं, त्याच्यावर व्याज मिळतं का?

एक गोष्ट मी पोराला आवर्जून सांगितली. पुण्याचा प्रवेश आधी रद्द करायचा नाही. पोरं हीच घाई करतात. इकडचा दोर कापतात आणि तिकडं जागा मिळत नाही. पहिल्या वर्षाचा प्रवेश ठरलेल्या मुदतीत रद्द केला तर हजार रुपये कापून फी परत मिळते, मुदत टळली की अनामत रक्कम सोडून हाती फारसं काही लागत नाही. आणि मूळ मार्कशीट, दाखला हे कुठल्याही कॉलेजानं अडकवून ठेवायचं नसतं, तसा यूजीसीचा आणि एआयसीटीईचा नियम आहे. कुणी अडवलं तर नियम दाखवायचा, आवाज चढवायचा नाही. आवाज चढवणाऱ्याची फाईल तळाला जाते. मी हे नियमातून नाही, टेबलामागून सांगते आहे.

आणि मॅनेजमेंट कोट्याचं नाव काढायचं नाही. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घराला राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी शिकवणी फी मिळते, पण त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला लागतो. वहिनींच्या धाकटीला तर यंदा सीईटी आहे. मुलींना इतर मागास, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटात २०२४ च्या जुलैपासून व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे, तिथंही अटी त्याच, उत्पन्नाची आणि कॅपची.

"मग धाकटीलाच कॉम्प्युटरला घालू," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात ती खुर्ची रिकामी ठेवायची नव्हतीच.

"तिला विचारलं का?"

"ती काय सांगणार? तिला फॅशन डिझाइन करायचंय."

मी पुढचं काही विचारलं नाही. एका दुपारी एकच पोर.

पोराला मी म्हटलं, विळद घाटातल्या कॉलेजात विचारून आलास का? घरापासून मनमाड रोडनं सरळ, रूमचं भाडं वाचेल, मेस वाचेल. त्यानं खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. कुठल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मेकॅनिकलला किती जागा रिकाम्या राहू शकतात, ऑफिसात कुणाला भेटायचं, काय कागद लागतात, सगळं लिहून आणलं होतं. नगर, संगमनेर, कोपरगाव, लोणी. अक्षर गिचमिड, पण काम चोख. शेवटी एक ओळ होती, 'एम-टू'. खाली दोन रेघा.

"हे काय?"

"गणित दोन. रिझल्ट लागायचाय. पेपर अवघड गेलाय."

"राहिला तर?"

"एटीकेटी."

"मग बदलीचा अर्ज रिझल्टनंतर बघतील. आणि मेकॅनिकलला गेलास म्हणून गणित सुटलं असं नाही, एम-थ्री तिकडंही आहे. बेअरिंग किती दिवस चालेल ते कानानं नाही, गणितानं काढतात."

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

वहिनी मात्र अजून गाल फुगवून. मी म्हटलं, आता काय झालं? त्या म्हणाल्या, "मेकॅनिकल घेऊ दे, नाहीतर पानटपरी टाकू दे. पण झेरॉक्सवाल्याला आधी सांगितलं आणि मला नंतर, हे काय?" पोरगं खाली मान घालून म्हणालं, "त्याला सांगितलं नाही आई, त्यानं वाचलं." आता झेरॉक्सवाला वाचल्याशिवाय झेरॉक्स काढत नाही हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"आणि बाबांना कोण सांगणार?"

"मोटर चालू झाली की मीच सांगतो."

पाणी त्या दिवशी संध्याकाळी येणार होतं. मुळा धरणाचं पाणी विळदहून उपसून शहरात येतं, पण आमच्या टाकीत चढवायला मोटर लागतेच. साडेसहाला पोरानं बटण दाबलं. मोटर घरघर न करता फिरली. रात्री बाराला बाप आले, टाकी भरलेली बघितली आणि विचारलं, रिवाइंडिंगला किती गेले? बेअरिंग आणि सीलचे पैसे फक्त, असं पोरगं म्हणालं. त्यानंतर आत काय बोलणं झालं ते आम्हाला दिसलं नाही, पण ऐकू आलं, कारण उन्हाळ्यात कुणाच्याच खिडक्या बंद नसतात. बाप आधी ओरडले. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "शॉपवर ये उद्या. आमच्याकडं स्पिंडल उघडलंय. बघ, आणि मग सांग." पोरगं जाऊन आलं. काय सांगितलं ते मात्र त्यानं झेरॉक्सवाल्यालाही कळू दिलं नाही.

रिझल्ट अजून लागायचाय. तोवर वहिनींना एकच काळजी उरली होती, पुण्याची नणंद. पोरगं कॉम्प्युटरला लागलं तेव्हा वहिनींनी सगळ्या नातेवाइकांत ते इतकं मिरवलं होतं की आता मेकॅनिकल म्हणायला जीभ रेटेना. "काय सांगू तिला ताई?"

"रोबोटिक्सकडं वळलाय म्हणा. खोटं नाही. सीएनसी म्हणजे तरी दुसरं काय, प्रोग्रॅमनं चालणारं लेथच."

वहिनींनी दोनदा म्हणून बघितलं. रोबोटिक. रोबोस्टिक. मग भिंतीवर कोपर टेकून नणंदेला फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे मलाही ऐकू यावं. इकडचं तिकडचं झालं, कुरडयांचं झालं, आणि मग वहिनी छाती भरून म्हणाल्या, "आमचा थोरला आता रोबोस्टिक करणार आहे."

पलीकडं क्षणभर शांतता. मग नणंद म्हणाली, "अगंबाई, हो का? आमच्यालाही तेच घ्यायचंय गं, कॉम्प्युटर नको म्हणतोय. नगरला फी किती पडते?"